उलटी गाठ

यादी वकिलांनी केली. दोन पानं, टाइप केलेली.
विश्रामबागचा फ्लॅट, दुसरा मजला : त्याच्या नावावर.
दुकानाची भाडेपावती : त्याच्या नावावर.
माझ्यापुढं पाटल्या, चांदीच्या चार वाट्या, माहेरचं कपाट
आणि शिलाई मशीन,
जिच्यावर मी कधी काही शिवलं नाही.

आम्ही का मोडलो ते इथं सांगत नाही.
तो रकाना यादीतही नव्हता.

मध्यस्थी केंद्रातल्या बाई चांगल्या होत्या.
आम्हाला शेजारी बसवलं नाही, समोरासमोरही नाही,
काटकोनात.
म्हणाल्या, संसारात तुमचा वाटा काय, तुमच्या शब्दांत सांगा.
मी म्हटलं, वेढे.
त्यांचं पेन थांबलं.

एकोणीसला कृष्णा वर आली तेव्हा
डिग्रज, भिलवडी, अंकलखोप,
काठच्या सगळ्या मोटारी बुडाल्या.
पाणी उतरल्यावर ट्रॉल्यांतून आल्या,
गाळात लोळलेल्या म्हशींसारख्या
दुकानापुढं ओळीनं बसल्या.
एकशे चौऱ्याऐंशी. आकडा वहीत मीच लिहिलाय.
कारागीर आपापली घरं उपसत होते.
सुकुमारनं जळकी तार ओढून काढायची, खाचा घासायच्या,
मी भरायच्या.
एका खाचेत अठ्ठेचाळीस वेढे.
एक चुकला तर मोटार तापते,
आणि शिव्या बांधावरून थेट दुकानात येतात.
मुलगी वार्निशच्या वासात पोत्यावर झोपायची,
झोपेत आकडे बोलायची.
दिवाळीपर्यंत माझी बोटं आधी काळी झाली, मग कडक,
मग भाकरी थापताना पीठ गरम आहे की गार, कळेना.

त्याच पैशांतून फ्लॅटचं बुकिंग झालं.
सही करायला तो एकटाच गेला,
कारण माझे हात वार्निशमध्ये होते.

त्याचे वकील कुंभोजकर म्हणाले, पगाराची पावती?
नवऱ्याकडून पावती कोण घेतं?
म्हणाले, मग ही नुसती हकीकत झाली, ताई.

तेव्हा सुकुमार बोलला.
सहा महिने माझ्याकडं तोंड करून वाक्य बोलला नव्हता,
आताही पंख्याकडं बघूनच :
"तिची गाठ उलटी असते."
कुंभोजकरांनी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला.
तो थांबला नाही.
"डावखुरी आहे. कॉइलवर दोरा बांधताना
सगळे उजवीकडनं आत घालतात, ती डावीकडनं.
काठाची कुठलीही मोटार खोला,
निम्म्या हिच्या निघतील."
मग जरा वेळानं, स्वतःशीच हिशेब केल्यासारखं,
"निम्म्या नाही. जास्त."

तो मला परत आवडला, असं काही नाही.
त्याचा चहाचा फुरका अजून डोक्यात जातो.
पण जळकं तांबं मोडीत घालताना
त्यानं काट्यावर बोट ठेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं,
एवढंच आठवलं.

फ्लॅट विकला. कर्ज वजा जाता अर्धे अर्धे.
लिफ्टच्या फंडातले सोळाशे सोसायटीनं परत केले,
त्याचेही त्यानं आठशे आठशे केले.
वेढे मोजायचं हाताचं यंत्र यादीत नव्हतं.
ते त्यानं मुलीबरोबर पिशवीतून पाठवलं.
काटा एकोणतिसावर थांबलेला.
कुणाची मोटार अर्धी राहिली असेल?
मी तो अजून शून्यावर आणला नाही.

बुधगाव रस्त्याला गाळा घेतलाय.
पाटीवाला विचारतो, वर काय टाकू, मगदूम का माहेरचं?
मगदूम हे नाव पलूसपर्यंतच्या विहिरींना माहीत आहे.
ते त्यानं दिलं म्हणावं, तर निम्मं मीच भरलेलं,
आणि वाटणीत ते कुणी काढलंच नाही.
मी म्हटलं, खाली 'मोटार रिवाइंडिंग' एवढं लिही,
वरची ओळ मोकळी सोड.
तो म्हणाला, सोडतो की.
पण पैसे पूर्ण पाटीचे पडतील, वहिनी.